फेर्नांची रोपं

फेर्नां नावाच्या म्हाताऱ्याच्या पायांत सतत पेटके यायचे. डॉक्टरांनी लिहून दिलेला गांजा तो परसात स्वतःच लावायचा. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात परवान्याशिवाय एक रोपही चालत नाही. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज चार महिने आधीच राजधानी ओटावाला, केंद्र सरकारकडे गेला होता. मुदत संपली, उत्तर काही आलं नाही. मग त्याने सगळी रोपं उपटली, चिरली आणि सरकारी सूचनेप्रमाणे मांजराच्या घाणीच्या वाळूत कालवून फेकली.

"म्हाताऱ्या, मांजरसुद्धा हसतंय तुला," त्याची बायको लिझेट म्हणाली. "दोन ठेव की. कोण बघतंय?"

"नियम तो नियम, बाई."

सात महिने कळा सोसून शेवटी तो रखडलेल्या परवान्यासाठी सरकारविरुद्ध व्हीलचेअरवर कोर्टात गेला.

 

सरकारी वकील अदबीने म्हणाले, "गरज खरी असती, तर यांनी रोपं उपटली असती का?"