वारा फिरल्यावर

“उद्या सकाळी राब भाजायचाय. खिडक्या लावून घे गं,” गेल्या वर्षी समोरच्या शेतातली गौराबाई म्हणाली, तेव्हा सदफने नुसती मान हलवली होती. शेलू स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. राब म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायला वेळही नव्हता.

दुसऱ्या दिवशी कळलं. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्यांचा टहाळ, पाचोळा पसरून तो भाजला गेला, आणि सगळा धूर दुसऱ्या मजल्यावर आला. तिचा आठ महिन्यांचा हमदान तीन दिवस दवाखान्यात होता. परतल्यावर सदफ बांधावर जाऊन ओरडली होती, “तुमचा भात होतो, इथे माझ्या पोराचा जीव जातो!”

म्हणून यंदा एप्रिलात शेतावर टहाळ दिसला, तशी सदफची झोप उडाली. सकाळपासून खिडक्या बंद. फटींत ओली फडकी. वाफेचं मशीन हाताशी. आठ वाजले, दहा वाजले. धूर नाही. हमदान खेळला, जेवला, झोपलासुद्धा.

दीड वाजता, डोकं फुटेल अशा उन्हात गौराबाईने काडी लावली.

सदफ गॅलरीत धावली ती भांडायलाच. आणि थबकली. धूर इमारतीकडे पाठ करून चालला होता. पूर्वेला, शेतापलीकडच्या गौराबाईच्याच कौलारू घरावर.

माहेरी, श्रीवर्धनला, सदफने भूगोल घेऊन बी.ए. केलं होतं. सकाळी जमिनीवरून मतलई वारे, दुपारी समुद्रावरून खारे वारे. आकृतीला पैकीच्या पैकी मार्क पडले होते. तोच वारा रोज आपल्या खिडकीवरून जातो, हे मात्र तिला आज दिसलं.

हमदानला शेजारच्या हर्षलाकडे ठेवून ती पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली.

“आजी, एवढ्या उन्हात? आणि धूर तर सगळा तुमच्याच घरात चाललाय.”

“जाऊ दे गं. बारा वाजलं का वारा फिरतोच.” गौराबाईने पदराने तोंड पुसलं. “तीस वर्सं सकाळीच भाजला. आमच्या म्हाताऱ्याला दमा हाय, धूर घराकडं नको म्हणून. तवा तुमच्या बाजूला कुनी ऱ्हात नव्हतं.”

सदफने कौलारू घराकडे पाहिलं. “मग आजोबा आत…?”

“नाय गं.” गौराबाई ताठ उभी राहिली. “त्यांनीच सांगितलं, यंदा दुपारचं भाज. पोराची छाती नवी हाय, माझी वापरून झालीय. टोपी घातली नि गेलं ठेसनात बसायला.”

सदफ तशीच स्टेशनवर गेली. “आजोबा, माझ्या घरी चला.”

“नाय,” हिरूआजोबा बाकावर ऐटीत सरकून बसले. “राब विझेस्तोवर इथं बसायची ड्युटी हाय माझी. तू पोराकडं बघ.”

राब संध्याकाळपर्यंत धुमसतो. राब भाजायच्या दुपारी शेलूला उतरलात, तर फलाटाच्या टोकाला पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा दिसेल. तो कुठल्याच लोकलची वाट बघत नसतो. जरा थांबा. दम लागला नाही ना, तेवढं विचारा.