चोळलेले तळवे

वनौषधींच्या पुडीने म्हाताऱ्या माणसांच्या अंगात ऊब वाढते का, याचा अभ्यास आम्ही तोयामाच्या दवाखान्यात करत होतो. आमच्या कांपो या पारंपरिक जपानी वैद्यकात पोट दाबून पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही, म्हणून दर भेटीला मी तळवे चोळून गरम करायचे आणि मग पोटावर हात ठेवायचे.

एकट्या राहणाऱ्या सुगानुमा आजींचे आकडे सगळ्यांत सुरेख होते. बर्फासारखे पाय चांगले कोमट झाले होते. शेवटच्या भेटीला उरलेलं औषध परत करायचं होतं. आजींनी पिशवी उपडी केली, तर एकही पुडी फोडलेली नव्हती.

"अहो आजी, औषध घेतलंच नाहीत? माझ्या अभ्यासाचे तीनतेरा वाजवलेत की!"

"घेऊन बरी झाले असते, तर तुम्ही बोलावणं बंद केलं असतं."

"आता तुमचं नाव वगळावं लागणार."

"वगळा की." आजी खाटेवर आडव्या झाल्या. "पण आजचं पोट बघायचं राहिलंय. आमचे हे गेल्यापासून अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

नाव वगळल्यावर त्या तपासणीचा कुणालाच उपयोग नव्हता. मी बराच वेळ तळवे चोळत राहिले.