तुम्ही सांगा, मी लिहिते

सत्याऐंशी साली जामनेरजवळच्या एका खेड्यात बालवाडी तोतारामआबांच्या ओसरीवर भरायची. सुनंदाबाई रोज सकाळी एका मुलाला विचारायच्या, “सांग, तुझ्या घरी काय झालं?” मूल सांगेल ते वाक्य त्या फळ्यावर लिहायच्या आणि सगळी मुलं ते बाईंच्या मागून वाचायची.

त्या दिवशी नंबर आबांच्या नातीचा, कोकिळाचा होता. आईचं तेरावं झाल्यावर ती पहिल्यांदाच आली होती.

“बाबानं मायले इहिरीत लोटलं,” ती म्हणाली.

बाईंचा खडू थांबला. दारात आबा सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त अडकित्ता थांबवला.

बाईंनी वळणदार अक्षरात लिहिलं : आई पाय घसरून विहिरीत पडली.

मुलांनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. कोकिळानंही वाचलं. मग ती गोंधळून म्हणाली, “बाई, मी असं नव्हतं सांगलं. मी खोटं बोलली का?”

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलू नये. कान पकड.”