नाव बदललेला इव्हेंट

सोमवारी सकाळी ओटावाच्या ऑफिसात गौरांगीने मदत-बटणांच्या यंत्रणेचा लॉग, म्हणजे आपोआप होणारी नोंद, उघडली. दूरच्या रेजिना शहरातल्या एका वृद्धाश्रमातल्या एकाच खोलीतून मदतीचं बटण कालपासून अकरा वेळा दाबलं गेलं होतं आणि नर्सच्या स्क्रीनवर एकदाही घंटा वाजली नव्हती. शुक्रवारी तिनेच कोडमध्ये त्या इव्हेंटचं, म्हणजे बटण दाबल्यावर स्क्रीनकडे जाणाऱ्या संदेशाचं, नाव बदललं होतं. बटणाचा भाग नव्या नावाने हाक मारत होता, स्क्रीनचा भाग जुन्या नावाची वाट बघत बसला होता.

तिने जुनं नाव परत टाकून अपडेट पाठवलं आणि ते पोचेपर्यंत त्या खोलीचा फोन लावला. बऱ्याच रिंग झाल्या. मग एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "हॅलो, पद्मजा आठल्ये."

"आजी, मी बटणाच्या कंपनीतून गौरांगी बोलतेय. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"काल वॉशरूममध्ये पडले. दोनदा दाबलं, कोणी येईना. शेवटी ओरडले, तेव्हा नर्स धावत आली. आता बरी आहे."

"सॉरी, आजी. चूक माझीच आहे. पण मदत मिळाल्यावरही तुम्ही दाबत का राहिलात?"

"इथे सगळे म्हणाले, बॅटरी गेली असेल. मला पटेना. म्हटलं, दाबत राहू, कुठेतरी कोणीतरी बघेल. अगं, मला ओरडता तरी येतं. शेजारच्या खोलीतल्या हेलनची वाचाच गेलीय. तिचंही बटण असंच बंद असेल तर?"