शनिवारची न्हाणी

तळ्यापलीकडे धूर दिसला आणि लिउदसने मान उंचावून पाहिलं. धूर त्याच्याच घरामागून येत होता.

“लाल फौजेचा तळ दिसतोय,” लेफ्टनंट डोळ्यांवरची दुर्बीण न काढता म्हणाला. “चढाईआधी तोफेने उडवून टाकू.”

“तळ नाही साहेब, आमची वाफेची न्हाणी आहे ती. आज शनिवार. आई तापवतेय.”

“गावात शत्रू शिरलाय आणि तुझ्या आईला अंघोळी सुचतायत?”

“झारचं राज्य बुडालं तेव्हाही तिने शनिवार चुकवला नव्हता. धूर बघा ना. तळावरच्या चुलीचा असता तर सरळ वर गेला असता. हा दारातून जमिनीलगत सरपटतोय. न्हाणीला धुराडं नसतं.”

लेफ्टनंट कौनसचा, शहरातला माणूस. त्याला कुठलं हे ठाऊक असायला? पण लिथुआनियाची फौज अजून वर्षाचीही नव्हती, गोळे उधळणं तिला परवडणारं नव्हतं.

“अर्धा तास देतो,” तो म्हणाला. “तिथे शत्रू नसला तर विहिरीच्या बादली ओढायच्या लांब दांडीवर पांढरं फडकं चढव. नाही दिसलं, तर तोफ डागणार.”

लव्हाळ्यातून होडी कशी हाकली, त्याचं त्यालाच ठाऊक. तो परसात पोचला तेव्हा आग विझून धूर थांबला होता. आई न्हाणीच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसली होती. शेजारी भिंतीला पाच रायफली टेकवलेल्या, खाली पाच गणवेश. आतून अंग चोपायच्या बर्चच्या डहाळ्यांचे सपासप आवाज आणि खिदळणं ऐकू येत होतं.

“आई, ही लाल फौजेची माणसं?”

“हळू बोल. तीन आठवडे अंगाला पाणी नव्हतं बिचाऱ्यांच्या. मीच म्हटलं, या.”

“धरतो एकेकाला. आणि तू ऊठ, इथे गोळा पडणार आहे.”

“न्हाणीत कुणी शिवीसुद्धा देत नाही, आणि तू बंदूक घेऊन शिरणार? बापाने हेच शिकवलं का तुला?” आई म्हणाली. “जिने तापवली, तिने शेवटचा माणूस न्हाऊन निघेपर्यंत हलायचं नसतं. मी कुठे येत नाही.”

त्याने तिला दंडाला धरून ओढलं. म्हातारी तसूभर हलेना. त्याला तिचा संताप आला आणि रडूही आलं. पलीकडच्या काठावर तोफेभोवती धावपळ सुरू झाली होती. फडकं चढवलं तर साहेबाशी धडधडीत खोटं बोलणं. नाही चढवलं तर आई जाणार.

त्याने अंगातला पांढरा सदरा ओरबाडून काढला, दांडीला बांधला आणि दांडी वर सोडली.

तोफ गप्प राहिली.

आईने त्याच्या उघड्या अंगावरची मळाची पुटं पाहिली.

“बंदूक ठेव तिथेच, त्यांच्या बंदुकांजवळ,” ती म्हणाली. “आणि जा आत. वरच्या फळीवर बसायला जागा आहे.”