काटेमाठाचं बी

कुदळीचा दुसरा घाव धाकटीच्या पायापासून वीतभर अंतरावर बसला. क्लोव्हरची हिरवी चटई मुळासकट उसकटली आणि ढेकळं तिच्या तोंडावर उडाली.

"बोल! चोरून तणावर कसलं औषध मारतेस?" थोरला भाऊ ओरडला.

"काही मारत नाही. दादा, कुदळ खाली ठेव."

त्याने दांड्याचा फटका तिच्या दंडावर हाणला. ती कोबीच्या ओळीत आडवी झाली.

पेरणीच्या वेळी बाबांनी दोघांना अर्धं अर्धं शेत करायला दिलं होतं. धाकटीने कोबीच्या ओळींमध्ये हे जमिनीलगत पसरणारं क्लोव्हर लावलं. त्याच्या गारव्याला काळे भुंगे येतात आणि तणाचं बी खाऊन टाकतात, असं तिचं म्हणणं. "बाईसाहेब किडे पाळणार!" थोरला पोट धरून हसला होता. बाबा हसले नव्हते. "काढणीला तुझ्या भागात तण दिसलं, तर तुझा भाग दादाकडे जाईल. क्लोव्हरवर नांगर फिरेल," एवढंच ते म्हणाले होते.

भुंगे आले. थोडेथोडके नाही, रग्गड आले. पान उचललं की खाली पळापळ. एवढ्यांची आशा धाकटीलाही नव्हती. कुठून आले, याचं तिला नवल वाटायचं.

आज काढणी होती. बाबा बांधावरून चालत येत होते. थोरल्याच्या भागात काटेमाठाचं तण कमरेला लागत होतं. धाकटीच्या ओळींत औषधालाही तण नव्हतं.

थोरल्याने पुन्हा कुदळ घातली. उसकटलेल्या मुळांखालून भुंगे सैरावैरा धावले. एकाच्या जबड्यात चकचकीत काळं बी होतं. थोरल्याने बुटाची टाच त्याच्यावर दाबली. करकन आवाज झाला. मग तो वेड्यासारखा नाचू लागला, दिसेल तो भुंगा चिरडू लागला.

धाकटीने आडवं पडूनच त्याची पोटरी पकडली आणि दात रोवले. तो कळवळला. त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तोंड मातीत घासलं. ओठ फाटला. तोंडात माती आणि रक्त एक झालं.

"भुंगे खातात म्हणे! मला शिकवतेस?" कुदळ त्याच्या डोक्यावर उचलली गेली. डोळ्यांत खून उतरला होता. "माझ्या भागातला काटेमाठ झोडून पोतीच्या पोती बी ओतलंय मी इथं! दर आठवड्याला, स्वतःच्या हातांनी! एक तरी रोप उगवायला नको?"

बोलून गेल्यावर त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. कुदळ हवेतच राहिली.

मागून एका हाताने ती काढून घेतली. दुसऱ्या हाताची थप्पड अशी बसली, की थोरला गुडघ्यावर आला.

"पुढच्या वर्षी अख्खं शेत ही करेल," बाबा म्हणाले. "आणि तू हिच्या हाताखाली."

धाकटी उठून बसली. ओठावरचं रक्त तिने बाहीला पुसलं. एक भुंगा तिच्या बोटांवरून चालत होता. तिने त्याला अलगद उरलेल्या क्लोव्हरमध्ये सोडलं आणि भावाकडे पाहिलं.

"तरीच म्हटलं, एवढी पंगत कुणाच्या जिवावर बसलीय," ती म्हणाली. "दादा, वाढपी तू होतास होय!"