क्रियापदापुरतं

दादाच्या खोलीतला पलंग आईने एकटीनेच दारापर्यंत ओढत आणला होता.

“हात लाव जरा,” ती धापा टाकत म्हणाली. “भाडेकरीण संध्याकाळी सामान घेऊन येतेय.”

मुलगी हातातले पुस्तक मिटायचे विसरली. ती शब्दकोशाच्या कचेरीत कामाला होती. सध्या तिच्याकडे इंग्रजीतले ‘वेट’ हे क्रियापद होते. जुन्या कादंबऱ्यांमध्ये कोण थांबते, कुणासाठी थांबते, हे ती शोधत असे. कचेरीची पद्धत ठरलेली होती. क्रियापद असलेले वाक्य तेवढे वाचायचे, टिपायचे आणि पुढे जायचे. गोष्टीत गुंतले की काम रेंगाळते. कपाटभर कादंबऱ्या तिच्या हाताखालून गेल्या, पण एकीचाही शेवट तिला ठाऊक नव्हता.

“लग्नाला जायचं आणि नुसत्या चपला मोजून यायचं, असलं तुझं वाचन,” आई म्हणायची.

ती मनावर घेत नसे. टिपणे तिच्या बाजूने होती. कुणी जहाजाची वाट पाहत होते, कुणी डॉक्टरची, कुणी परागंदा मुलाची. खिडकीशी उभ्या असलेल्या आया तर ढिगाने सापडल्या होत्या. वाट पाहिली जाते ती येणाऱ्याची. तिला याला अपवाद मिळाला नव्हता.

घरातही नव्हता. दादा भांडून निघून गेला त्याला बरीच वर्षे झाली होती, आणि आई रोज संध्याकाळी खिडकीशी उभी राहायची. मुलीने याहून जास्त काही पाहायची गरज मानली नव्हती. दूरच्या शहरातल्या मोठ्या कोशाने तिला दोनदा बोलावले, दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. झुरणाऱ्या आईला एकटे टाकून जायचे कसे? आता तिसरे बोलावणे आले होते. आज उत्तर द्यायचे होते, आणि ते तिने कालच ठरवून टाकले होते.

“आई, अगं, ही दादाची खोली आहे.”

“होती. तो तिकडे बायको-पोरांत मजेत आहे. दर रविवारी फोन करतो, तू आंघोळीला गेलीस की.”

“मला बोलली नाहीस!”

“तुझ्याशी बोलायला लाजतो अजून. आणि तू विचारलंस कधी? त्याचं नाव निघालं की तुझा चेहरा असा व्हायचा, जसं काही घरात सुतकच आहे.”

मुलगी पलंगाच्या कडेवर बसली.

“आणि ही भाडेकरीण?”

“नर्स होती, आता निवृत्त आहे. रात्रीबेरात्री मला दुखलं-खुपलं तर कोण बघणार, हे तुझं पालुपद आता बंद.”

“पण मग रोज खिडकीत उभी राहून कुणाची वाट बघतेस?”

“तिथे वारा येतो म्हणून उभी राहते, बाई.” आईने कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. “वाट बघतेय ती तू कधी जातेस याची.”